गाठोड्यावर नाव घालू या

घरातला एखादा जुना तांब्या, पातेले किंवा स्टीलचा डबा हातात घेऊन नीट पाहा. काठाजवळ बारीक टिंबांनी कोरलेली अक्षरे सापडतील. कुणाचे तरी नाव असेल, एखादी तारीख असेल, कधी ‘विवाहाप्रीत्यर्थ’ असा शब्दही असेल. नाव घातले म्हणून डब्यात एक मूठभरही धान्य जास्त मावत नाही. पण कार्याच्या वेळी दहा घरची भांडी एकत्र आली, की कोणते कुणाचे हे त्या नावावरूनच कळते. भांडे कुणी दिले, कधी दिले, कशासाठी दिले, हे सांगणारी माणसे राहिली नाहीत तरी भांडे स्वतःच ते सांगत राहते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. नाव घालणारा कारागीर भांड्याला भोक पडू देत नाही. नाव घातल्यावरही भांडे पूर्वीसारखेच वापरता आले पाहिजे, हा त्याच्या कामाचा पहिला नियम. आज आपण संगणकातल्या एका भांड्यावर, म्हणजे झिप फाईलवर, असेच नाव कसे घालता येते ते पाहणार आहोत. नियम तोच आहे.

आकडे आहेत, पण कशाचे?

समजा, तुमच्या शाळेच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला आहे. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांत तुम्ही रोज पाऊस मोजता आणि आकडे संगणकात उतरवता. पाच वर्षांत ६१० आकडे जमतात. मग या सर्व फाईली एकत्र बांधून, दाबून लहान करून, त्यांची एक झिप फाईल तुम्ही शाळेच्या संगणकात ठेवता आणि दहावी होऊन शाळा सोडता.

दहा वर्षांनी दुसरा एखादा विद्यार्थी ती फाईल उघडतो. त्याला दिसते : ०, १२, ४७, ०, ३... आकडे जसेच्या तसे आहेत, एकही पुसला गेलेला नाही. तरीही तो अडतो. हे मिलिमीटर की सेंटिमीटर? गाव कोणते? नोंद सकाळची की संध्याकाळची? हा शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. भारतीय हवामान खात्याच्या पद्धतीत दिवसाचा पाऊस म्हणजे सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांतला पाऊस. म्हणजे ५ जुलैच्या सकाळी नोंदलेला पाऊस बराचसा ४ जुलैला पडलेला असतो! आणि सर्वांत अवघड प्रश्न शून्याचा. त्या दिवशी पाऊस पडलाच नाही, की रविवार असल्याने मोजायला कुणी आलेच नाही? या दोन शून्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण कागदावर दोन्ही सारखीच दिसतात.

असा गोंधळ केवळ शाळेतच होतो असे समजू नका. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाकडे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ नावाचे यान सोडले. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे आकडे जमिनीवरचा एक संगणक-प्रोग्रॅम पौंडाच्या मापात देत होता आणि ते वापरणारा दुसरा प्रोग्रॅम त्यांना न्यूटनच्या मापातले समजत होता. एक पौंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. त्यामुळे प्रत्येक हिशेब सुमारे साडेचार पटीने चुकत गेला आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी, मंगळाजवळ पोहोचताच, यान कायमचे हरवले. आकड्यासोबत त्याचे माप गेले नाही, म्हणून एवढा अनर्थ झाला.

आकड्यांसोबत जाणाऱ्या या माहितीला, म्हणजेच माहितीबद्दलच्या माहितीला, ‘मेटाडेटा’ म्हणतात. भांड्यावरचे नाव हा भांड्याचा मेटाडेटाच होय.

गाठोडे कसे बांधले जाते?

नाव कुठे घालायचे हे ठरवण्यापूर्वी भांड्याची घडण पाहिली पाहिजे. झिप फाईलची रचना अमेरिकेतील फिल कॅट्झ यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. ती कशी असते हे सांगणारा दस्तऐवज सर्वांना खुला असल्यामुळे कुणालाही झिप फाईल तयार करणारा किंवा उघडणारा प्रोग्रॅम लिहिता येतो.

फाईल लहान कशी होते, हे थोडक्यात पाहू. मजकुरात जे पुन्हा पुन्हा येते ते पुन्हा न लिहिता ‘मागे इतक्या अंतरावर पाहा, तिथून इतकी अक्षरे घे’ असे लिहायचे, ही एक युक्ती. ती लेम्पेल आणि झिव्ह यांनी १९७७ मध्ये मांडली. वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड आणि क्वचित येणाऱ्यांना लांब संकेत द्यायचे, ही दुसरी युक्ती. ती हफमन यांनी १९५२ मध्ये मांडली. झिपमध्ये सामान्यतः या दोन्ही एकत्र वापरतात. यात काहीही हरवत नाही. गाठोडे सोडले की मूळ फाईल जशीच्या तशी मिळते.

आता गाठोड्याची मांडणी पाहू. संगणकातील कोणतीही फाईल म्हणजे बाईटची लांबच लांब रांग, आणि प्रत्येक बाईट म्हणजे ० ते २५५ यांपैकी एक संख्या. झिप फाईलमध्ये ही रांग तीन भागांत असते.

पहिल्या भागात बांधलेल्या फाईली एकामागून एक ठेवलेल्या असतात. प्रत्येक फाईलच्या आधी ३० बाईटचे एक शीर्षक असते. तारीख, वेळ, आकारमान आणि पडताळ्याचा आकडा त्यात लिहिलेला असतो. त्यानंतर फाईलचे नाव आणि मग दाबलेला मजकूर येतो. गणितात उत्तर बरोबर आले का हे पाहण्यासाठी तुम्ही पडताळा घेता ना? तसाच हा आकडा. गाठोडे सोडल्यावर संगणक मजकुरावरून तो पुन्हा काढतो. जुळला नाही तर फाईल खराब झाली असे समजते.

दुसऱ्या भागात सर्व फाईलींची सूची असते. पुस्तकाची अनुक्रमणिका सुरुवातीला असते, ही मात्र शेवटी असते. त्यामुळे नवी फाईल घालायची झाल्यास आधीच्या फाईली हलवाव्या लागत नाहीत. नवी फाईल त्यांच्या मागे ठेवून सूची तेवढी नव्याने लिहायची.

तिसरा भाग म्हणजे अगदी शेवटची, निदान २२ बाईटची नोंद. सूची कुठे सुरू होते आणि तिच्यात किती नावे आहेत, हे ती सांगते. तिचे पहिले चार बाईट ८०, ७५, ५, ६ असे ठरलेले असतात. पैकी ८० आणि ७५ हे रोमन लिपीतील ‘पी’ आणि ‘के’ या अक्षरांचे क्रमांक. फिल कॅट्झ यांची आद्याक्षरेच ती! पाहिलेत ना? गाठोडे बनवणाऱ्यानेही भांड्यावर आपले नाव घातले आहे.

पहिली जागा : शेवटचा शेरा

रचना करणाऱ्याने आपल्यासाठी तीन ठिकाणी जागा ठेवली आहे. पहिली जागा त्या शेवटच्या नोंदीतच आहे. नोंदीचे अखेरचे दोन बाईट ‘यापुढे इतक्या लांबीचा शेरा आहे’ असे सांगतात. शेरा नसेल तर तेथे ०, ० असते.

दोन बाईटमध्ये २५६ × २५६ = ६५,५३६ वेगवेगळ्या संख्या लिहिता येतात, म्हणजे ० ते ६५,५३५. म्हणून शेरा जास्तीत जास्त ६५,५३५ बाईटचा असू शकतो. ही संख्या लिहिताना लहान भाग आधी लिहितात. शेरा ३०० बाईटचा असेल तर ३०० = १ × २५६ + ४४, म्हणून ४४, १ असे दोन बाईट येतात.

येथेच नवशिक्याची चूक होते. काही जण फाईलच्या शेवटी नुसता मजकूर चिकटवतात आणि लांबीचे दोन बाईट मात्र ०, ० असेच ठेवतात. मग सूची सांगते की गाठोडे येथे संपले आणि पुढे तर काही अक्षरे शिल्लक दिसतात. काही प्रोग्रॅम अशी फाईल निमूटपणे उघडतात, काही तक्रार करतात. भांड्याला भोक पडले ते असे. म्हणून लांबीची नोंद आपोआप करणाऱ्या साधनानेच शेरा लिहावा.

मराठीत शेरा लिहायचा असेल तर आणखी थोडा विचार हवा. आज प्रचलित असलेल्या ‘यूटीएफ-८’ या लेखनपद्धतीत रोमन लिपीतील साध्या अक्षराला १ बाईट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३. ‘पाऊस’ या शब्दात प, काना, ऊ आणि स अशी चार चिन्हे आहेत, म्हणून १२ बाईट. पण जागेपेक्षा मोठी अडचण दुसरीच आहे. प्रत्येक फाईलच्या नावासाठी ‘हे यूटीएफ-८ मध्ये आहे’ असे सांगणारी एक खूण सूचीत करता येते. शेवटच्या शेऱ्यासाठी मात्र अशी खूण करायला जागाच नाही. त्यामुळे तुमचा मराठी शेरा दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांच्या रूपात दिसू शकतो. तेव्हा शेवटचा शेरा आखूड आणि रोमन लिपीत लिहिणे शहाणपणाचे.

दुसरी जागा : जादा रकाना

प्रत्येक फाईलच्या शीर्षकात, नावानंतर, एक जादा रकाना ठेवण्याची सोय आहे. हा रकाना का लागला, याची गोष्ट मजेदार आहे.

झिपच्या शीर्षकात वेळ लिहिण्यासाठी दोन बाईट म्हणजे १६ बिट असतात. पैकी सेकंदांच्या वाट्याला आले ५. पाच बिटांत ३२ च संख्या मावतात आणि सेकंद तर ६० असतात! म्हणून सेकंदांची निम्मी संख्या लिहितात, आणि वेळ दोन सेकंदांच्या पायरीनेच नोंदवता येते. वर्षासाठी ७ बिट आहेत आणि मोजणी १९८० पासून आहे. त्यामुळे वर्षे १९८० ते २१०७ एवढीच.

पुढे ज्यांना नेमका सेकंद हवा होता त्यांनी काय केले? शीर्षक बदलले असते तर जुने सर्व प्रोग्रॅम निकामी झाले असते. त्यांनी जादा रकान्यात एक चिठ्ठी घातली. प्रत्येक चिठ्ठीची सुरुवात ठरलेली असते : दोन बाईट चिठ्ठीचा क्रमांक, दोन बाईट पुढील मजकुराची लांबी, आणि मग मजकूर. वेळेच्या चिठ्ठीचा क्रमांक ८५, ८४ असा लिहितात. तिची लांबी ५, ० असेल, तर पुढील एका बाईटात कोणकोणत्या वेळा दिल्या आहेत ते असते आणि उरलेल्या चार बाईटांत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. सगळी चिठ्ठी अवघी ९ बाईटची!

आता यातली खरी युक्ती पाहा. ज्या जुन्या प्रोग्रॅमला ही चिठ्ठी वाचता येत नाही तो काय करतो? तो क्रमांक पाहतो आणि ठरवतो : ही चिठ्ठी माझ्यासाठी नाही, पण हिची लांबी ५ आहे, तेव्हा ५ बाईट ओलांडून पुढे जावे. तो अडखळत नाही. न कळलेली गोष्ट किती लांबीची आहे एवढे जरी सांगून ठेवले, तरी अनोळखी वाचकालाही तिच्यावरून सुरक्षितपणे पुढे जाता येते. या एका साध्या नियमामुळे १९८९ ची रचना नव्या गरजा पोटात घेऊन आजही वापरात आहे.

मग आपणही एखादा क्रमांक घेऊन पावसाची चिठ्ठी घालावी का? घालता येईल, पण जपून. ० ते ३१ हे क्रमांक मूळ रचनाकारांच्या कंपनीसाठी राखून ठेवलेले आहेत आणि इतरही अनेक क्रमांक वेगवेगळ्या कामांसाठी घेतलेले आहेत. तुमचा क्रमांक दुसऱ्याच्या क्रमांकाशी जुळला तर त्याचा प्रोग्रॅम तुमचा पाऊस भलताच काहीतरी समजून वाचू लागेल! शिवाय ही चिठ्ठी माणसाला सहजासहजी दिसत नाही. ती प्रोग्रॅमने प्रोग्रॅमसाठी लिहिलेली असते.

तिसरी जागा : गाठोड्याच्या आत

तिसरी जागा सर्वांत साधी. माहिती सांगणारी एक वेगळी फाईल लिहायची आणि तीही इतर फाईलींबरोबर गाठोड्यात बांधायची. धान्याच्या डब्यात चिठ्ठी टाकावी तसे.

साधी असली तरी मोठमोठ्या रचनांनी हीच जागा निवडली आहे. ‘ईपब’ या प्रकारचे पुस्तक तुम्ही मोबाईलवर वाचले असेल. ते पुस्तक म्हणजे खरोखर एक झिप फाईल आहे! तिच्यातील पहिली फाईल ‘माइमटाइप’ या नावाची असावी, ती दाबलेली नसावी आणि तिला जादा रकाना नसावा, असा नियम आहे. असे का? हिशेब करा. ३० बाईटचे शीर्षक आणि ८ अक्षरांचे नाव मिळून झाले ३८. म्हणजे कोणतेही ईपब पुस्तक घ्या, पहिले ३८ बाईट सोडले की ‘मी ईपब पुस्तक आहे’ असे सांगणारी २० ठरलेली अक्षरे नेमकी तेथेच सापडतात. गाठोडे सोडण्याचीही गरज नाही. जावा भाषेतील प्रोग्रॅम ज्या झिप-गाठोड्यांत बांधतात, त्यांतही ‘मॅनिफेस्ट’ नावाची माहितीची फाईल आतच ठेवलेली असते.

कोणती जागा टिकते? करून पाहा

तीन जागांपैकी आपल्या पावसासाठी कोणती घ्यावी? प्रयोगच करू या. लिनक्स किंवा मॅक संगणकाच्या टर्मिनलमध्ये ‘झिप’ ही आज्ञा असते.

१. चार-पाच लहान मजकूर-फाईली घ्या. त्यांपैकी एक ‘वाचा’ या नावाची असू द्या आणि तिच्यात पावसाच्या आकड्यांची माहिती लिहा. सर्वांची एक झिप फाईल करा आणि तिचे आकारमान बाईटमध्ये लिहून ठेवा.

२. आता झिपची आज्ञा, मग उणे चिन्ह आणि त्याला लागून ‘झेड’ हे लहान लिपीतील रोमन अक्षर, आणि मग झिप फाईलचे नाव, असे लिहा. संगणक शेरा विचारील. एका ओळीचा शेरा लिहा आणि पुढच्या ओळीवर फक्त पूर्णविरामाचा ठिपका देऊन संपवा.

३. आकारमान पुन्हा पाहा. वाढ शेऱ्याच्या अक्षरांइतकीच दिसेल, फार तर ओळ संपल्याच्या खुणेचे एक-दोन बाईट अधिक. ‘अनझिप’ आज्ञेला तेच उणे चिन्ह आणि तेच अक्षर जोडले, की फाईली न उघडता शेरा वाचता येतो.

४. आता गाठोडे सोडा. बाहेर आलेल्या फाईलींचे नवे गाठोडे बांधा आणि त्यातला शेरा वाचू पाहा.

काय झाले? शेरा नाहीसा झाला! कारण तो गाठोड्याचा होता, फाईलींचा नव्हता. जुने फडके टाकून नवे घेतले, की जुन्या फडक्यावरचे नाव कसे राहणार? आपण घातलेल्या जादा रकान्यातील चिठ्ठीचीही हीच गत होते. ‘वाचा’ ही फाईल मात्र नव्या गाठोड्यात मुकाट्याने येऊन बसली आहे.

आणखी दोन फरक आहेत. पडताळ्याचा आकडा प्रत्येक फाईलच्या मजकुरावरून काढलेला असतो. आतल्या ‘वाचा’ फाईलमध्ये एक अक्षर जरी बिघडले तरी तो ते पकडतो. शेवटचा शेरा कोणत्याही पडताळ्यात येत नाही. तो कुणी बदलला तर कळायला मार्ग नाही. तसेच गाठोड्याला परवलीचा शब्द लावला तरी शेरा उघडाच राहतो. म्हणून शेऱ्यात कुणाचा फोन नंबर किंवा गुपित कधीही लिहू नये.

तेव्हा उत्तर असे : संपूर्ण माहिती आतल्या ‘वाचा’ फाईलमध्ये आणि एका ओळीची ओळख शेवटच्या शेऱ्यात. शेरा न उघडता सांगतो, आतली फाईल उघडल्यावर सांगते आणि गाठोडे बदलले तरी टिकते. जादा रकाना प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी सोडू या.

काय लिहावे?

जागा ठरली, पण नाव घालणाऱ्याला मजकूर तर आपणच सांगायचा असतो! पाच प्रश्नांची उत्तरे लिहा. हे आकडे कशाचे आणि कोणत्या मापात? कुठे मोजले? कधी, म्हणजे कोणत्या वर्षी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी? कुणी आणि कोणत्या उपकरणाने मोजले? आणि जेथे आकडा नाही तेथे काय खूण केली आहे? शेवटच्या उत्तराने आपल्या शून्याचे कोडे सुटते. पाऊस नसेल तर शून्य, मोजलाच नसेल तर आडवी रेघ, असे एकदा लिहिले की दहा वर्षांनी येणाऱ्या त्या विद्यार्थ्याला कुणाला विचारायला नको.

ही उत्तरे आज लिहायला दहा मिनिटे लागतील. दहा वर्षांनी ती शोधायला गेलात तर कदाचित कुणालाच आठवणार नाहीत. तुमच्या संगणकात अशी किती बिननावाची गाठोडी पडली आहेत? सहलीचे फोटो, विज्ञान-प्रदर्शनाच्या नोंदी, आजोबांनी सांगितलेल्या आठवणींचे ध्वनिमुद्रण? आठवण ताजी आहे तोवर आजच एक गाठोडे काढा आणि त्यावर नाव घाला.

सोडवून पाहा

१. शेरा १,००० बाईटचा असेल तर लांबीचे दोन बाईट कोणते?
२. ‘महाराष्ट्र’ हा शब्द यूटीएफ-८ मध्ये किती बाईट घेईल? (जोडाक्षरातील प्रत्येक हलन्त हे वेगळे चिन्ह धरावे.)
३. एकही फाईल आणि शेरा नसलेली रिकामी झिप फाईल किती बाईटची असेल?
४. १९७५ ही तारीख झिपच्या मूळ शीर्षकात का लिहिता येत नाही?

उत्तरे : १. २३२, ३ (कारण ३ × २५६ + २३२ = १,०००). २. चिन्हे १०, म्हणून ३० बाईट. ३. फक्त शेवटची नोंद, म्हणजे २२ बाईट. पहिले चार ८०, ७५, ५, ६ आणि उरलेली १८ शून्ये. ४. वर्षांची मोजणी १९८० पासून सुरू होते आणि त्यामागे जाण्यास जागा नाही.